का, कशाला आणि कशावरून

ठाण्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. पत्र जेमतेम चार ओळींचे. पण त्यातला सुस्कारा चांगली चार पाने भरेल एवढा. त्यांचा धाकटा साडेचार वर्षांचा आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत तो प्रश्न विचारतो. "तुम्ही मराठीच्या प्राध्यापक आहात, तेव्हा या 'का'ला कुठे पूर्णविराम असतो का, तेवढे सांगा," असे त्यांनी लिहिले आहे. खाली ता. क. आहे : "हे पत्र लिहिताना 'तू का लिहितेस' हे तीनदा विचारून झाले."

व्याकरण सांगायचे तर प्रश्नानंतर प्रश्नचिन्ह येते, पूर्णविराम येत नाही. पण अशा उत्तराने कुणाची उतू जाणारी दुधाची पातेली वाचत नाहीत, हे मलाही कळते. म्हणून दिवाळी अंकाच्या या थोड्या ऐसपैस जागेत हा विषय घ्यावा म्हटले.

पहिली गोष्ट ही की, बाई, तुमचा मुलगा जगावेगळा नाही. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचे मुलांची भाषा आणि विचार यांवरचे पुस्तक १९२३ साली निघाले. त्यात सहा वर्षांच्या एका मुलाच्या प्रश्नांवर सबंध एक प्रकरण आहे. दहा महिन्यांत, रोजच्या दोनेक तासांच्या गप्पांत त्याने आपणहून विचारलेले १,१२५ प्रश्न एका बाईंनी टिपून ठेवले होते. दिवसाच्या उरलेल्या वेळात त्याने काय काय विचारले याची नोंद नाही. ती त्याच्या आईला ठाऊक! पुढे १९८४ साली बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज या दोघांनी लंडनमधल्या चार वर्षांच्या तीस मुलींची बोलणी ध्वनिमुद्रित करून त्यांवर पुस्तक लिहिले. घरी आईजवळ असताना या मुली तासाला सरासरी सव्वीस प्रश्न विचारत. म्हणजे दर सव्वादोन मिनिटांना एक. या पुस्तकातली दुसरी एक संख्या याहून बोलकी आहे. ती पुढे सांगते.

आता प्रश्न किती, यापेक्षा प्रश्न कसले, याकडे वळू. मागच्या दिवाळीत मी नणंदेकडे फराळाला हातभार लावायला गेले होते. अनारसे चालले होते. तांदूळ तीन दिवस भिजवलेले, पाणी रोज बदललेले, पीठ गुळात मुरवून ठेवलेले, सगळे शास्त्रोक्त. तरी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो पसरत पसरत पार विरून गेला. नणंदबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगंबाई, हसला की गं वहिनी!"

झाले! ओट्यापाशी उभे असलेले भाचेबुवा तत्काळ पुढे सरसावले.

"कोण हसला?"

"अनारसा."

"कशाला हसला?"

"पीठ सैल झालं म्हणून."

भाचेबुवांनी जरा विचार केला. "पीठ सैल झालं तर हसू येतं?"

एवढ्यात दुसरा अनारसाही हसला, आणि भाचेबुवांची रवानगी बाहेरच्या खोलीत झाली.

आईचे उत्तर चूक होते का? मुळीच नाही. पीठ सैल झाले किंवा गूळ जास्त पडला की अनारसा तुपात धरत नाही, हे खरेच आहे. पण मुलाने विचारले होते 'कशाला', आणि आईने उत्तर दिले 'कशामुळे'चे. मराठीत 'का' हा एक शब्द निदान तीन ठिकाणी राबतो. कारण विचारायचे असले तरी 'का', हेतू विचारायचा असला तरी 'का', आणि 'हे तू म्हणतोस, त्याला आधार काय' असे विचारायचे असले तरी पुष्कळदा 'का'च. मोठ्या माणसांजवळ यांचे वेगवेगळे शब्द असतात : कशामुळे, कशाला, कशावरून. फ्रेंच मुलाच्या 'का'मध्येही अशीच सरमिसळ असते, हे पियाजेने त्या प्रकरणात दाखवून दिले आहे. एवढ्याशा मुलाच्या जगात आपोआप काही घडत नाही. जे घडते ते कुणीतरी, कशासाठीतरी केलेले असते. अनारसा हसला असेल, तर त्याला काहीतरी गंमत वाटली असणार.

म्हणूनच 'पाऊस का पडतो' या प्रश्नाला आपण समुद्र, वाफ, ढग अशी सारी चित्रे काढून दाखवतो, आणि मूल शेवटी विचारते, "पण आजच का?" कारण आज त्याच्या शाळेची सहल असते. त्याला पावसाचे शास्त्र नको असते. पावसाचा आपल्यावर एवढा राग का, हे हवे असते.

यावर उपाय अगदी साधा आहे. उत्तर देण्याआधी विचारावे, "तुला काय वाटतं?" याने दोन गोष्टी साधतात. भाजी ढवळायला अर्धा मिनिट मिळतो, हा फायदा लहान समजू नये. आणि मुलाने काय विचारले आहे, ते कळते. याच भाचेबुवांनी एकदा मला विचारले, "मामी, पर्वती छोटी आणि सिंहगड मोठा का?" मी भूगोलाच्या तयारीला लागणार होते, त्याआधी हा प्रश्न त्यांच्याकडेच परतवला. ते म्हणाले, "पर्वती आजीसाठी आहे. सिंहगड बाबांसाठी." आणि समाधानाने खेळायला गेले. उत्तर त्यांच्याजवळ तयारच होते. फक्त ते ऐकायला कुणी हवे होते.

प्रश्नांना कंटाळणे ही काही आजच्या धकाधकीची देणगी आहे असे कुणी समजू नये. कठोपनिषदाची सुरुवातच मुळी एका चिडलेल्या वडिलांनी होते. बाप यज्ञात म्हाताऱ्या, भाकड गाई दान देतो आहे. लहानगा नचिकेता ते पाहतो आणि विचारतो, बाबा, मला कुणाला देणार? बाप गप्प. पोरगा पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदा विचारतो. मग बाप उसळून म्हणतो, तुला यमाला दिला! आपल्याकडच्या आया कावल्या की पोराला बुवाला किंवा पोलिसाला देऊन टाकतात, त्याचा हा मूळपुरुष. पुढे यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसून त्या पोराने तीन वर मिळवले, आणि तिसऱ्या वरात पुन्हा प्रश्नच मागितला : माणूस मेल्यावर काय होते? यमानेही आधी तेच केले, जे आपण करतो. शंभर वर्षे जगणारी नातवंडे घे, हत्ती घे, घोडे घे, सोने घे, पण हे विचारू नकोस. आपण चॉकलेट देतो, एवढाच फरक. पोरगे बधले नाही. शेवटी यमाने उत्तर दिले. आणि असे विचारणारे आम्हांला मिळत राहोत, असेही म्हणाला. साक्षात मृत्यूने प्रश्नकर्त्याचे कौतुक करावे आणि जन्मदात्याने खेकसावे, ही कथा लिहिणाऱ्याला घरोघरचे पक्के ठाऊक असणार.

(जाता जाता गंमत. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य गार्गीला बजावतो, फार विचारशील तर डोके गळून पडेल. विक्रम आणि वेताळाच्या गोष्टीत वेताळ राजाला बजावतो, उत्तर ठाऊक असून दिले नाहीस तर डोक्याची शकले होतील. एकीकडे विचारणाऱ्याचे डोके धोक्यात, दुसरीकडे उत्तर चोरणाऱ्याचे. आईबापांपुरते बोलायचे, तर माझे मत वेताळाच्या बाजूने आहे.)

'तेच तेच विचारतो' ही तक्रार तर प्रत्येक घरात असते. मिशिगन विद्यापीठातल्या ब्रँडी फ्रेझियर, सुझन गेलमन आणि हेन्री वेलमन यांनी २००९ साली या बाबतीत एक निबंध प्रसिद्ध केला. दोन ते पाच वर्षांची मुले मोठ्यांशी काय बोलतात, हे त्यांनी तपासले. मुलाला खरोखरीचे स्पष्टीकरण मिळाले, तर ते मान डोलावते किंवा त्यातून निघणारा पुढचा प्रश्न विचारते. स्पष्टीकरण मिळाले नाही, तर तोच प्रश्न पुन्हा विचारते, नाही तर स्वतःच एखादे कारण जुळवते. म्हणजे तोच प्रश्न चौथ्यांदा आला की, हट्टीपणाची शंका घेण्याआधी आपण तीनदा काय बोललो, ते आठवून पाहावे. 'असंच असतं', 'देवाने केलंय', 'मोठा झालास की कळेल' ही तिन्ही उत्तरे मुलाच्या हिशेबी शून्यच.

काही प्रश्न मात्र ऐकूनच आपली जीभ टाळ्याला चिकटते. 'मी कुठून आलो?' हा त्यांतला एक. 'तुला बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतला' हे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्तर, आणि तेवढीच पिढ्यान्‌पिढ्यांची रडारड. 'आईच्या पोटातून' हे दोन शब्द पुरतात. मूल त्याहून जास्त विचारील तेव्हा त्याच्या वयाला झेपेल एवढे आणखी सांगावे. यात अवघड काही नाही, अवघडतो आपणच.

दुसरा प्रश्न खरोखर अवघड आहे, आणि तिथे आपली मराठी मुलाला आणखीच पेचात टाकते. अशुभ उच्चारायचे नाही म्हणून आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, मालवतो. आणि घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मूल हे सारे ऐकत असते. कुणी 'जातो' म्हटले की आजी कशी दटावते, तेही त्याने पाहिलेले असते.

माझ्या माहितीतल्या एका घरी आजोबा वारले. दिवस व्हायचे होते. मी भेटायला गेले होते. चार वर्षांचा नातू आजीच्या मांडीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे टक लावून पाहत होता. अशा भेटीहून उठताना 'येतो' म्हणायचे नाही, ही रीत आपल्याला ठाऊक असते. त्याला कुठून असणार? एक गृहस्थ उठून न बोलता गेले. मग एक बाई गेल्या. तिसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा त्याने विचारले, "आजी, हे कुणीच 'येतो' का म्हणत नाहीत?"

कुणीतरी त्याला उचलून आत न्यायला पुढे झाले. आजीने हाताने थांबवले. तोवर पोराने पुढचा प्रश्न विचारला होता : "आजोबा 'येतो' म्हणाले होते का?"

खोलीत कुणाला वर पाहवेना. आजी म्हणाल्या, "हो राजा. हॉस्पिटलात जाताना म्हणाले होते. पण त्यांना येता आलं नाही. फार आजारी होते ना, त्यात ते वारले. आता ते यायचे नाहीत."

"कधीच?"

"कधीच नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग त्यांची काठी मी घेऊ?"

"घे."

काठी त्याच्यापेक्षा वीतभर उंच होती. तो ती घेऊन आला आणि आजीजवळ पुन्हा तसाच बसला.

त्या आजी सातवीपर्यंतच शिकलेल्या आहेत. बालमानसशास्त्राचे पुस्तक त्यांनी हातात धरलेले नसेल. पण पोराने जे विचारले, तेवढ्याचेच त्यांनी उत्तर दिले. कमी नाही, जास्त नाही आणि खोटे तर नाहीच. दुसऱ्या एका घरात 'आजी झोपली आहे' असे मुलीला सांगितले होते. ती मुलगी पुढे कित्येक रात्री आईला डोळे मिटू देईना. 'देवाघरी गेले' हे श्रद्धावंत घरात खोटे नव्हे, म्हणून त्याला माझी हरकत नाही. पण मुलाच्या लेखी तो पत्ता असतो. तिथे कुठली बस जाते, हा प्रश्न येणारच. तेव्हा 'तिथून परत येता येत नाही' हे वाक्य त्याला जोडूनच सांगावे.

आता आयांची बाजूही घेतली पाहिजे. प्रत्येक प्रश्नाला, प्रत्येक वेळी, हसतमुखाने उत्तर द्यावे असे सांगणारी मंडळी बहुधा स्वयंपाकघराबाहेर बसून लिहितात. रात्री साडेदहाला दिवा मालवल्यावर 'डायनोसॉर कशाने मेले' असे जे विचारले जाते, त्यातला निम्मा भाग जिज्ञासेचा आणि निम्मा झोप लांबवण्याचा असतो. 'उद्या सांगते' म्हणायला हरकत नाही. मात्र तो उद्या उजाडला पाहिजे. सकाळी पोह्यांच्या बशीबरोबर डायनोसॉर आपण होऊन काढावेत. आणि घरातले सगळे 'का' एकट्या आईनेच पेलायचे, हे मला मुळीच मान्य नाही. पूर्वी वडिलांच्या तोंडापुढे वर्तमानपत्र असे, आता मोबाइल असतो. पडदा बदलला, पण पलीकडून येणारा 'आईला विचार' हा आवाज तोच आहे.

उत्तर येतच नसेल तर? 'मला माहीत नाही' म्हणण्यात वडीलकीला काही उणेपणा येत नाही. चौपाटीवर प्रत्येक मूल विचारते, समुद्र निळा का? आकाशाचा रंग पाण्यात दिसतो, असे आपण ठोकून देतो. एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञही तसेच मानत. १९२१ साली विलायतेहून बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली आणि त्यांना ते उत्तर पटेना. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी एका लोलकातून पाहून अडवला, तरी पाणी निळे ते निळेच. 'नार्कुंडा' ही त्यांची बोट मुंबई बंदरात आली, तिथूनच त्यांनी 'नेचर' साप्ताहिकाला याविषयी पत्र लिहिले. त्या वाटेने पुढे गेलेल्या संशोधनातून २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आले. बत्तिसाव्या वर्षीही त्यांचा 'का' शाबूत राहिला होता.

आमच्याकडे तो अठराव्या वर्षापर्यंतही टिकत नाही. मघाशी म्हटलेली दुसरी संख्या आता सांगते. घरी तासाला सव्वीस प्रश्न विचारणाऱ्या त्याच लंडनच्या मुली बालवाडीत तासाला सरासरी दोन प्रश्न विचारत. तिथे प्रश्न विचारण्याचे काम बाईंकडे असे, आणि मुलींकडे उत्तरे देण्याचे. मी महाविद्यालयात शिकवते. वर्गात ऐंशी विद्यार्थी असतात. तास संपताना "काही शंका?" असे विचारले की शांतता पसरते. मग बाहेर पडताना एखादा मागोमाग येतो, मला आशा वाटते, आणि तो म्हणतो, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" या मुलांपैकी प्रत्येकाने कधीकाळी कुणाची तरी भाजी करपवली असणार. तेव्हा ठाण्याच्या बाई, तुम्हांला ज्याचा वैताग आला आहे, त्याची मला तासाला एक याप्रमाणे तरी गरज आहे. थोडे सांभाळून ठेवा आणि तेरा-चौदा वर्षांनी माझ्याकडे पाठवा.

हल्ली मोबाइलला विचारले की उत्तर झटकन येते, मग आपण कशाला शिणायचे, असे एक पालक मला म्हणाले. मोबाइलला विचारायला माझी ना नाही, मीही विचारते. पण 'अनारसा कशाला हसला' हे विचारणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही, आणि काठी मागणाऱ्याला 'घे' म्हणणेही त्याच्या हाती नाही.

राहिला 'कशावरून'. हा तिन्हींत धाकटा. मूल सहा-सात वर्षांचे होईतो आपल्या पायांवर उभा राहतो, आणि वडीलधाऱ्यांना सर्वांत झोंबतो. 'मी सांगतो म्हणून' हे त्याचे आपल्याकडचे रूढ उत्तर. आमच्या शेजारच्या गृहस्थांवर मागच्या लक्ष्मीपूजनाला हा प्रसंग आला. लेक गॅलरीत उभी होती. लांब टेकडीपलीकडे बाण फुटला की आधी फुले दिसत आणि मग आवाज येई. असे का, तिने विचारले. उजेड फार भरधाव येतो, आवाज मागून रमतगमत येतो, बाबांनी सांगितले. "कशावरून?" लेक म्हणाली.

बाबांनी घड्याळ काढले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. उजेड दिसला की मोजायला लागायचे, आवाज आला की थांबायचे. पहिल्या बाणाला बाबांचे सहा आकडे झाले, लेकीचे नऊ. दुसऱ्याला बाबांचे सात, लेकीचे अकरा. "तू भरभर मोजतेस," बाबा म्हणाले. "तुम्ही हळू मोजता," लेक म्हणाली. आतून फराळाला हाका येत होत्या. "थांब गं, आलोच," असे ओरडून दोघेही पुन्हा टेकडीकडे तोंड करून पुढच्या बाणाची वाट पाहत राहिले.